बाटलीतला कापूस

कोरोनाच्या टाळेबंदीत एचआयव्हीपासून बचावाची साधनं कुणापर्यंत पोचली आणि कोण वाटेतच सुटलं, यावर मागच्या अंकात लिहिलं होतं; जे सुटले त्यांच्यासाठी वेगळी सोय हवी, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेते आहे. नावं-गावं काढली आहेत, काही पत्रं थोडी लहान केली आहेत. मी समुपदेशक आहे. २०२० मध्ये आमचं केंद्र बंद झालं आणि सगळं काम फोनवर आलं. खाली जे सांगते आहे त्यातलं बरंचसं मला त्या फोनांनीच शिकवलं.

प्रश्न : तुमचा लेख वाचून राग आला, हे स्पष्टच लिहितो. त्या काळात कॅन्सरच्या रुग्णांची केमोथेरपी चुकली, डायलिसिसवाल्यांचे हाल झाले. माझ्या वडिलांची अँजिओप्लास्टी चार महिने लांबली. त्रास सगळ्यांनाच झाला. मग देहविक्री करणाऱ्या बायका, समलैंगिक, तृतीयपंथी, नशा करणारे यांच्यासाठीच वेगळी सोय कशासाठी? — एक निवृत्त शिक्षक

उत्तर : सर, हृदयाचं दुखणं घेऊन चार महिने थांबायचं म्हणजे घरात रोजची रात्र कशी गेली असेल, याची मला कल्पना आहे. तुमचा राग रास्त आहे. फक्त एक फरक सांगू द्या.

तुम्ही वडिलांना घेऊन निघाला असतात आणि नाक्यावर पोलिसाने अडवलं असतं, तर तुम्ही म्हणाला असतात, "हृदयाचा त्रास आहे, दवाखान्यात चाललोय." बहुतेक वेळा तेवढ्यावर रस्ता मिळायचा. एप्रिल २०२० मध्ये एका सोमवारी सकाळी मला एका मुलाचा फोन आला. शुक्रवारी रात्री दहाच्या सुमारास कंडोम फाटला होता, आणि जोडीदार एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे, टाळेबंदीत त्याचं औषधही सुटलंय, हे त्याला नंतर कळलं. अशा वेळी लागण टाळण्यासाठी पेप नावाचा औषधांचा कोर्स असतो. ७२ तासांच्या आत सुरू करायचा, जितका लवकर तितका बरा, आणि पुढे २८ दिवस चालवायचा. हे त्याला माहीत होतं. शनिवारी सकाळीच तो निघाला. नाक्यावर विचारलं, कुठे? तो म्हणाला, दात दुखतोय. "दातांचे दवाखाने बंद आहेत, घरी जा." रविवारी दुसऱ्या रस्त्याने गेला, तिथेही परत पाठवलं. सोमवारी माझ्याशी बोलताना तो पहिलं वाक्य म्हणाला, "ताई, साठ तास झाले." तोपर्यंत तो तासच मोजत बसला होता. आमच्या डॉक्टरांनी त्याच्याशी फोनवर बोलून घेतलं आणि एक नर्स गोळ्या आणि तपासणीचं सामान घेऊन नाक्याच्या अलीकडे आली. पहिली गोळी पोटात गेली तेव्हा सहासष्टावा तास चालू होता. तीन महिन्यांनी त्याची तपासणी निगेटिव्ह आली.

औषध होतं, दवाखाना उघडा होता, रस्ताही होता. पोलिसासमोर उच्चारता येईल असा शब्द त्याच्यापाशी नव्हता.

हे जगभर झालं. पनामात १ एप्रिल २०२० पासून एका दिवशी बायकांनी बाहेर पडायचं आणि दुसऱ्या दिवशी पुरुषांनी, असा नियम होता. पेरूतही काही दिवस तसाच होता. तृतीयपंथी बाईने कोणत्या दिवशी निघायचं? बायकांच्या दिवशी निघाली तर ओळखपत्र आडवं येतं, पुरुषांच्या दिवशी निघाली तर चेहरा. पनामात अशा बायकांना अडवलं गेलं, ताब्यात घेतलं गेलं, दंड झाला. युगांडात २०२० च्या मार्चअखेरीला समलैंगिक आणि तृतीयपंथी तरुणांच्या एका निवाऱ्यावर छापा पडला. साथ पसरवण्याचा निष्काळजीपणा केला, असा आरोप ठेवला. सुमारे ५० दिवस ही मुलं तुरुंगात होती आणि त्यातले बरेच दिवस वकिलालाही भेटू दिलं नाही.

आता आकडे. ग्लोबल फंड हा एड्स, क्षयरोग आणि मलेरियाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय निधी ज्या देशांना पैसा देतो तिथे २०२० मध्ये एचआयव्ही प्रतिबंधाच्या कार्यक्रमांपर्यंत पोचलेली माणसं आदल्या वर्षापेक्षा ११ टक्क्यांनी कमी झाली, तपासण्या २२ टक्क्यांनी. जगाने ठरवलं होतं की २०२० सालात नव्या लागणी ५ लाखांच्या खाली आणायच्या. झाल्या सुमारे १५ लाख. हे अपयश एकट्या कोरोनाचं नव्हे, आपण आधीपासूनच फार मागे होतो. यूएनएड्स या संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेच्या अंदाजानुसार त्या वर्षीच्या नव्या लागणींपैकी ६५ टक्के तुम्ही नावं घेतलीत त्याच गटांतल्या माणसांत आणि त्यांच्या जोडीदारांत झाल्या. 'जोडीदार' हा शब्द सावकाश वाचा, सर. यात घरी बसलेल्या, कधी कुठे न गेलेल्या बायका आहेत.

तपासणी, कंडोम, गोळी हे सगळ्यांसाठी एकच आहे, त्यात मी वेगळं काहीच मागत नाही. ते ज्या दारातून मिळतं ते दार काहींना ओलांडताच येत नाही, त्यांच्यासाठी दुसरं दार हवं, इतकंच माझं म्हणणं. वडिलांची तब्येत आता कशी आहे, तेही कळवा.

प्रश्न : ताई, मी २८ वर्षांचा आहे. माझे संबंध पुरुषांशी असतात, घरी माहीत नाही. पूर्वी प्रेपची, म्हणजे एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायची गोळी रोज घ्यायचो. टाळेबंदीत घरी परतलो. कुरिअरचं पाकीट आई उघडेल या भीतीने गोळ्या मागवल्याच नाहीत, आणि नंतर पुन्हा सुरू करायचं राहूनच गेलं. मागच्या महिन्यात एकदा कंडोमशिवाय संबंध आला. जुनी अर्धी बाटली कपाटात आहे. ती लगेच सुरू करू का? आणि मध्येच बंद केली म्हणून डॉक्टर रागावतील का?

उत्तर : नको, ती बाटली आज उघडू नकोस. आधी तपासणी. कारण सांगते. प्रेपच्या गोळीत दोन औषधं असतात. लागण रोखायला ती पुरतात. झालेली लागण आटोक्यात ठेवायला पुरत नाहीत. लागण झालेली असताना नुसती प्रेप घेत राहिलास तर विषाणू त्या औषधांना सरावतो आणि पुढच्या उपचाराची वाट अवघड होते.

महिना उलटून गेलाय, म्हणजे पेपची वेळ गेली. प्रयोगशाळेत रक्त देऊन होणारी तपासणी आता कर आणि त्या संबंधाला तीन महिने झाले की पुन्हा कर. मधल्या काळात कंडोम वापर. हेपटायटिस बी आणि मूत्रपिंडाची तपासणीही सांगतील. त्याचा कंटाळा करू नकोस, कारण हेपटायटिस बी असलेल्या माणसाने ही गोळी मनाने सुरू-बंद केली तर यकृताचा आजार उसळू शकतो. जुनी बाटली डॉक्टरांना दाखव. मुदत संपली असेल तर ती टाकून द्यायची, जीव अडकवायचा नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. रागावायचं काय कारण? संबंध नसतील त्या काळात प्रेप थांबवता येते, फक्त कधी थांबवायची आणि कशी सुरू करायची हे नीट विचारून घ्यायचं. तू एकटा नव्हतास. बॉस्टनमधल्या एका आरोग्यकेंद्राने जानेवारी ते एप्रिल २०२० चे आकडे मांडले, तेव्हा वेळेवर गोळ्या न नेणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ तिप्पट झालेलं दिसलं, आणि नव्याने प्रेप सुरू करणारे ७२ टक्क्यांनी घटले होते. याच्या उलट ब्राझीलमधल्या रिओमध्ये डॉक्टरांनी फोनवर बोलून एकदम १२० दिवसांच्या गोळ्या आणि घरी करायचं तपासणीचं किट द्यायला सुरुवात केली. म्हणजे दर महिन्याला पाकीट येण्याचा प्रश्नच नाही, एकदा आणलं की चार महिने निश्चिंत.

आणखी एक सोय तुझ्यासाठी आहे. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी लागेल तेव्हाच घ्यायच्या प्रेपचा सल्ला दिला. संबंधाच्या २ ते २४ तास आधी दोन गोळ्या, त्या पहिल्या डोसानंतर २४ तासांनी एक आणि ४८ तासांनी एक. हेपटायटिस बी असेल तर मात्र ही पद्धत सहसा सुचवत नाहीत. रोज नको असेल तर हे डॉक्टरांशी बोल. पण तपासणी आधी, हे तिसऱ्यांदा सांगते.

प्रश्न : मी धंदा करते. मुलांना माहीत नाही. आम्ही सगळे एका खोलीत राहतो. टाळेबंदीत प्रेपच्या गोळ्या लपवायला जागाच उरली नाही, शेवटी सोडल्या. आता सहा महिन्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन आलंय म्हणतात. खरं आहे का? आणि पुन्हा सगळं बंद झालं, इंजेक्शनची तारीख चुकली, तर काय?

उत्तर : बाई, तुमचं पत्र वाचून मला मे २०२० मधला एक फोन आठवला. फोनवरची ताई इतकी हळू बोलत होती की मला दोनदा विचारावं लागलं. ती म्हणाली, "ताई, बाटली वाजते." गोळ्यांची बाटली. एरवी मुलं शाळेत, सासू बाहेर, तेव्हा ती गोळी घ्यायची. आता चोवीस तास घरात सगळे. झाकण उघडलं की गोळ्या खळखळणार आणि कुणीतरी विचारणार, हे कसलं औषध. आम्ही इतकी वर्षं त्या बाटल्या देत होतो, तो आवाज आमच्यातल्या एकीच्याही कानावर पडला नव्हता. मी तिला सांगितलं, कापसाचा बोळा घालून बघ. थोड्या वेळाने तिने फोन बाटलीजवळ धरला आणि ती हलवली. काही ऐकू आलं नाही. त्यानंतर आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक बाटलीत आम्ही कापूस घालू लागलो. गोळ्या कागदाच्या पुडीत मात्र कधी दिल्या नाहीत, कारण त्यांना ओल लागून चालत नाही.

म्हणून इंजेक्शनचा विषय मला फार जवळचा वाटतो. तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. लागण रोखणारं लेनाकॅपॅव्हिर नावाचं हे औषध पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली टोचतात, वर्षातून दोनदा. पहिल्या खेपेला दोन दिवस सोबत गोळ्याही असतात. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुण मुली आणि बायकांवरच्या अभ्यासाचे निकाल आले. ज्या २,१३४ जणींना हे इंजेक्शन दिलं होतं त्यांतल्या एकीलाही लागण झाली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२५ मध्ये त्याची शिफारस केली. दोन महिन्यांनी घ्यायचं कॅबोटेग्रॅव्हिर त्याच्या आधीपासून आहे, आणि बायकांसाठी महिनाभर आत ठेवायची डॅपिव्हिरिनची रिंगही आहे. सगळं सगळीकडे पोचलेलं नाही. तुमच्या केंद्रात विचारा, आणि 'नाही' म्हणाले तरी पुढच्या वेळी पुन्हा विचारा. किती जणी मागताहेत हे वर कळलं तरच माल येतो.

तारीख चुकली तर काय, हा प्रश्न फार शहाणपणाचा आहे. इंजेक्शनचं औषध अंगातून एकदम जात नाही, महिनोनमहिने थोडंथोडं उतरत जातं. पुरेसं संरक्षण संपलेलं असतं आणि थोडं औषध मात्र उरलेलं असतं. अशा वेळी लागण झाली तर विषाणू त्या औषधाला सरावू शकतो. म्हणून पहिलं इंजेक्शन घेतानाच विचारून ठेवा, "तारखेला येता आलं नाही तर गोळ्या कुठून मिळतील?" त्या माणसाचा फोन नंबर घ्या. इंजेक्शनने दुसरे गुप्तरोग थांबत नाहीत, दिवसही राहू शकतात, तेव्हा कंडोम सोडू नका. धंदा बसला होता तेव्हा येईल त्या गिऱ्हाइकाची 'कंडोम नको' ही अट मान्य करावी लागली, असं किती जणींनी मला सांगितलंय. त्यांना मी कधी बोल लावला नाही, तुम्हालाही लावणार नाही.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. दार बंद व्हायला दर वेळी साथच लागते असं नाही. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी थांबवली. नंतर सवलत दिली, तेव्हा त्या पैशातली प्रेप फक्त गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांपुरती ठेवली. तुमच्यासारख्या बायका, तृतीयपंथी, समलैंगिक पुरुष पुन्हा यादीबाहेर गेले.

प्रश्न : माझा मुलगा सुईने नशा करतो. कोरोनात नव्या सुया मिळेनात तेव्हा चौघांनी एकच वापरली, हे त्याने मला आत्ता सांगितलं. एचआयव्हीची तपासणी निगेटिव्ह आहे. केंद्रातली माणसं त्याला अजूनही नव्या सुया देतात. आपणच त्याच्या नशेला हातभार लावतोय, असं मला आई म्हणून वाटतं.

उत्तर : ताई, त्याने हे तुम्हाला सांगितलं, हीच मोठी गोष्ट आहे. त्याला सांगावंसं वाटतंय, तो धागा तुटू देऊ नका.

नव्या सुया दिल्याने नशा वाढत नाही. अनेक देशांतल्या वर्षानुवर्षांच्या अनुभवातून हे दिसलंय. उलट सुया घ्यायला येणारा मुलगा उद्या उपचाराला येण्याची शक्यता वाढते, कारण कुणीतरी त्याला नावाने ओळखत असतं. हेपटायटिस सीची तपासणी झाली आहे का, ते बघा. तो विषाणू एचआयव्हीपेक्षा सहज पसरतो. सुईखेरीज औषध विरघळवायचा चमचा, पाणी, गाळायचा कापूस सामाईक असला तरी लागतो. त्यावर उपचार आहेत आणि तो बरा होतो.

तो अफूच्या जातीची नशा करत असेल तर तलफ आवरणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन या औषधांबद्दल विचारा. ही औषधं रोज केंद्रात येऊन समोरच घ्यायची, असा नियम बऱ्याच ठिकाणी होता. मार्च २०२० मध्ये अमेरिकेने स्थिर झालेल्या रुग्णांना मेथाडोन २८ दिवसांपर्यंत घरी न्यायची मुभा दिली. माणसं त्याचा गैरवापर करतील, अशी भीती होती. अनुभव इतका चांगला आला की २०२४ मध्ये ती मुभा कायमच्या नियमात आली. तुमच्या मुलावरही कुणीतरी इतका विश्वास टाकायला हवा. सुरुवात घरातून करता आली तर बघा.

प्रश्न : एचआयव्हीच्या गोळ्या घेणाऱ्याला कोरोना होत नाही, असं आमच्याकडे अजून बोलतात. खरं का?

उत्तर : नाही. लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिर या एचआयव्हीच्या औषधांची २०२० मध्ये ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झाली. दवाखान्यात भरती झालेल्या कोरोना रुग्णांना त्याचा फायदा झाला नाही. एचआयव्ही असलेल्यांनी लस टाळण्याचं कारण नाही, आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावी. आणि दुसऱ्याच्या बाटलीतल्या गोळ्या कुणी घेत असेल तर त्याला थांबवा. ज्याच्या त्या गोळ्या आहेत त्याचा डोस चुकतो.

प्रश्न : दीदी, मी तृतीयपंथी आहे, तीन वर्षं पीअर, म्हणजे आपल्याच समाजात काम करणारी कार्यकर्ती, म्हणून काम करते. कोरोनाच्या वेळी मी यात नव्हते. पुन्हा तसं झालं तर आत्तापासून काय तयार ठेवू? आणि लागेल तेव्हाच घ्यायची प्रेप आम्हाला चालते का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते. तुम्ही इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन घेत असाल तर ती पद्धत नको, रोजचीच गोळी घ्या. गोळीमुळे हार्मोनचा असर कमी होतो या भीतीने खूप जणी ती टाळतात; तसं होत नाही, हे तुमच्या मंडळींना तुमच्याच तोंडून कळू द्या.

आता तयारी. पहिलं ओळखपत्र. आरोग्यसेविकेला रस्त्यावर जाऊ दिलं, पीअरला नाही, कारण कागदोपत्री ती कुणीच नव्हती. तुमच्या संस्थेकडून आजच मागा, आणि त्यावर तुम्ही वापरता तेच नाव असू द्या. आजाराचं नाव छापू नका. एका कार्यालयाने आम्हाला जी पत्रं दिली त्यांवर मोठ्या अक्षरांत 'एचआयव्ही कार्यक्रम' असं होतं. त्यातली निम्मी कुणी खिशातून बाहेर काढलीच नाहीत. मग आम्ही नुसतं 'आरोग्य तपासणी' लिहून नवी पत्रं करून घेतली.

थायलंडमध्ये २०१६ पासून समाजातलीच प्रशिक्षित माणसं तपासणी करतात आणि प्रेप देतात. तुमच्याकडे तितकं चालणार नसेल, तरी घरी करायचं किट हातात देणं, ते करताना फोनवर सोबत राहणं, हे तुम्ही करू शकता. किटवर दोन रेघा आल्या तर दवाखान्यात पक्की तपासणी लागते, आणि त्या मधल्या दोन दिवसांत त्या माणसाला एकटं सोडायचं नसतं. तीन महिन्यांचा साठा देता येईल का, हे साथ येण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. ऐन गडबडीत नियम वेळेवर बदलतीलच असं नाही.

आणि एक वही. आमच्या वहीत आधी फक्त फोन नंबर होते. जून २०२० मध्ये मी एका मुलाला दुपारी फोन केला, तो वडिलांनी उचलला. मी 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिला, तरी पुढे आठवडाभर त्याचा फोन बंद होता. त्यानंतर आम्ही वहीत आणखी दोन रकाने आखले : 'फोन कधी करायचा नाही' आणि 'दुसऱ्याने उचलला तर मी कोण'. एकीने लिहून दिलं, 'शिवणक्लासच्या बाई'. दुसऱ्याने, 'विमा एजंट'. तुमच्या यादीतल्या प्रत्येकाला या आठवड्यात हे दोन प्रश्न विचारून घ्या. नावांऐवजी खुणेचे आकडे लिहा, आणि वही घरी नेऊ नका.